'तर' आणि 'तरच'

सांगली, नागपंचमी

चि. बाळ,



परवा रात्री साडेअकराला तुझा निरोप आला. "आत्या, लॉजिकलमध्ये चोवीसपैकी नऊ. सलग चौथ्या सराव परीक्षेत हेच. माझं डोकंच या कामाचं नाही बहुतेक. बाबांना सांगू का, की लॉ सोडते?" मी त्या रात्री उत्तर दिलं नाही, कारण कागद न पाहता मत द्यायचं नाही ही माझी छत्तीस वर्षांची सवय आहे. सकाळी तुझ्याकडून प्रश्नपत्रिका आणि उत्तरं मागवली. दोन दिवस, दुपारचं जेवण झाल्यावर, पेन्सिल घेऊन मी त्यातच बसले आहे.

नऊ बरोबर, पंधरा चूक, एकही प्रश्न सोडलेला नाही. या पंधरा चुका मी वेगवेगळ्या करून मांडल्या. आठ ठिकाणी तू निवडलेला पर्याय जगात खरा आहे, पण उताऱ्यात तो कुठेच नाही. चार ठिकाणी तू वाक्य उलटं फिरवलंस. उरलेले तीन शेवटच्या उताऱ्यावरचे, तिथे तुझा वेळ संपत आला होता हे उत्तरांवरूनच दिसतं. डोकं कमी पडलं असं दाखवणारी एकही चूक मला सापडली नाही. सापडली ती वाचण्याची सवय, आणि ती बदलता येते. माझीही बदलावी लागली होती. कशी, ते पुढे सांगते.

आधी परीक्षा नीट ओळखून घे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठांची 'क्लॅट' परीक्षा २००८ साली सुरू झाली. त्याआधी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा, प्रवास वेगळा. २०२० च्या परीक्षेपासून तिचं रूप पालटलं आणि सगळे विभाग उताऱ्यांवर आले. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून प्रश्न दीडशेचे एकशेवीस झाले, वेळ दोन तासच राहिला. त्यांत तर्काचे साधारण बावीस ते सव्वीस. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. म्हणजे तुझे नऊ गुण नऊही नाहीत. पंधरा चुकांचे पावणेचार गेले, हाती सव्वापाच राहिले.

तुझ्या टेबलावरच्या फोटोत मला ते जाड पुस्तक दिसलं. नातेसंबंध ओळखा, गोल टेबलाभोवती कोण कुठे बसलं, सांकेतिक भाषा सोडवा. ते तू दोनदा संपवलंस असं वहिनी म्हणाली. बाळ, ती मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीत त्या धाटणीचे प्रश्न येतात, ती परीक्षा मराठीतूनही देता येते आणि तिथे चुकीला गुण कापत नाहीत. तिच्यासाठी ते पुस्तक ठेव. पण क्लॅटमध्ये जे मागतात ते वेगळं आहे. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा समोर येतो. त्यात कोणीतरी काहीतरी म्हणत असतं. तो काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, न सांगता काय धरून चालतो, कशाने त्याचं म्हणणं पक्कं होईल आणि कशाने डळमळेल, एवढंच तुला सांगायचं असतं. अमेरिकेतल्या एलसॅट परीक्षेनेही ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग बंद केला. आता तिथे गुण मिळणाऱ्या तीन विभागांपैकी दोन याच युक्तिवादाच्या प्रश्नांचे असतात. वकिलाच्या हाती आयुष्यभर जे काम येतं, त्याच कामाची ही चाचणी आहे.

आता तुझ्या आठ चुकांकडे येऊ. तुला परिचयाचं उदाहरण घेते.

समज, उताऱ्यात असं लिहिलं आहे: "या तालुक्यात ज्या शेतकऱ्यांनी ठिबक बसवलं, त्यांच्या उसाचं एकरी टनेज इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे ठिबकमुळे टनेज वाढतं. तेव्हा सरकारने ठिबक सर्वांना सक्तीचं करावं." प्रश्न असा की, ठिबकमुळे टनेज वाढतं हा निष्कर्ष कोणत्या गृहीतकावर उभा आहे? पर्याय चार. पाण्याची बचत ही काळाची गरज आहे. ठिबक बसवलेले आणि न बसवलेले शेतकरी जमिनीचा पोत, खतं, भांडवल यांत साधारण सारखेच होते. ठिबक बसवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचं टनेज दर वर्षी वाढतं. पाटपाण्यावर ऊस घेणं चुकीचं आहे.

तू पहिला पर्याय निवडला असतास. लातूरची मुलगी तू, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने तुमच्याकडे पाणी गेलं ते दिवस तू लहानपणी पाहिलेस. पाणी वाचवायला हवं हे तुला कोणी शिकवायला नको. वाक्य खरं आहे, चांगलं आहे, तुझ्या मनातलं आहे. पण उताऱ्यातला माणूस पाण्याबद्दल अवाक्षरही बोललेला नाही. तो टनेजबद्दल बोलतो आहे.

उत्तर दुसरा पर्याय. तो बरोबर आहे हे ताडून पाहायची रीत साधी आहे: पर्याय उलटा करायचा आणि युक्तिवाद उभा राहतो का ते पाहायचं. समज, दोन्हीकडचे शेतकरी सारखे नव्हतेच. ज्यांच्याकडे पैसा होता, निचऱ्याची काळी जमीन होती, वेळेवर खत टाकायची ऐपत होती, त्यांनीच ठिबक बसवलं. मग टनेज ठिबकमुळे वाढलं की पैशामुळे? सांगता येत नाही. युक्तिवाद बसला. ज्याला उलटं केल्यावर युक्तिवाद बसतो, ते त्याचं गृहीतक. पहिला पर्याय उलटा करून पाहा. पाण्याची बचत ही काळाची गरज नाही, असं धरलं तरी ठिबकने टनेज वाढतं या म्हणण्याला धक्का लागत नाही. म्हणून तो कितीही खरा असला तरी उत्तर नव्हे.

तिसरा पर्याय का नाही? त्यात 'प्रत्येक' आणि 'दर वर्षी' हे दोन शब्द आहेत. बोलणाऱ्याला एवढं मोठं काही गृहीत धरायची गरजच नाही, सरासरीवर त्याचं भागतं. सर्व, कधीही नाही, नेहमी, केवळ असे शब्द पर्यायात दिसले की थांब आणि उताऱ्यात तेवढ्या ताकदीचं काही आहे का ते शोध. बहुतेक वेळा नसतं.

हाच उतारा घेऊन त्याचं म्हणणं पक्कं कशाने होईल ते विचार. एकाच शेतकऱ्याने एकाच जमिनीचे दोन तुकडे केले, बियाणं तेच, खत तेच, फक्त एका तुकड्यात ठिबक घातलं आणि तिथे टनेज जास्त निघालं, अशी माहिती मिळाली तर निष्कर्षाला टेकू मिळतो. आणि शेवटचं वाक्य पाहा, 'सक्तीचं करावं'. टनेज वाढतं हे मान्य केलं तरी सक्ती करावी हे त्यातून आपोआप निघत नाही. बसवायचा खर्च कोण करणार, लहान खातेदाराला ते परवडेल का, हे सगळं मधे राहिलं. 'आहे' पासून 'करावं' पर्यंत जाताना बोलणाऱ्याने एक नाला ओलांडलेला असतो. प्रश्न काढणारा त्या नाल्यावरच तुझी वाट पाहत उभा असतो.

माझी गोष्ट सांगते म्हटलं होतं. वकिलीचं दुसरं वर्ष, तालुक्याचं कोर्ट, जमिनीच्या ताब्याचा दावा. आमचा साक्षीदार सरतपासणीत म्हणाला, "पेरणीच्या दिवसांत बांधावरून जाताना यांची बैलजोडी त्या शेतात चालताना मी पाहिली." युक्तिवादाच्या दिवशी मी जोरात सांगितलं, साक्षीदाराने आमच्या अशिलाला जमीन कसताना पाहिलं आहे. न्यायाधीशसाहेबांनी लेखणी खाली ठेवली, जबानीचं पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, याने बैल पाहिलेत. कोण कसत होतं हे त्याने कुठे सांगितलं आहे?" मी जबानी पुन्हा वाचली. खरंच, बैलच होते. बैल भाड्याने जातात, सावडीला जातात, शेजाऱ्याच्या शेतातही जातात. अशील आमचा होता, जमीन त्याचीच आहे याची मला खात्री होती आणि त्या खात्रीने मी कागदावर नसलेला माणूस बैलांच्या मागे उभा केला होता.

त्या संध्याकाळपासून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लागले. डावीकडे साक्षीदाराने जे म्हटलं ते, त्याच्याच शब्दांत. उजवीकडे त्याने जे म्हटलेलं नाही पण मला म्हटल्यासारखं वाटलं ते. पहिल्या महिन्यात उजवी बाजू भरून जायची. तुझ्या आठ चुका या माझ्या उजव्या बाजूच्या चुका आहेत, बाळ. आपल्याला विषयाची आच असते, मत असतं, माहिती असते. ते सगळं चांगलंच आहे, पण दुसऱ्याचं बोलणं ऐकताना ते बाजूला ठेवायचं असतं. उतारा लिहिणाऱ्याचं म्हणणं तुला पटलं पाहिजे असं कोणी मागत नाही. त्याने जेवढं म्हटलं तेवढंच त्याच्या पदरात घालायचं, कणभर जास्त नाही आणि कणभर कमी नाही. ही परीक्षेची युक्ती म्हणून शिकू नकोस. समोरच्याशी प्रामाणिक राहण्याची ही पहिली पायरी आहे.

आता त्या चार चुका, उलट्या फिरवलेल्या. दहावीपर्यंत तू मराठी माध्यमात शिकलीस आणि क्लॅट इंग्रजीत असते, याची तुला धास्ती आहे हे मला माहीत आहे. पण नेमक्या याच ठिकाणी तुझी मराठी तुझ्या कामाला येणार आहे.

नाट्यगृहाच्या दारावर दोन पाट्या कल्पून पाहा. एकीवर लिहिलं आहे, 'पास असेल तर आत सोडू.' दुसरीवर, 'पास असेल तरच आत सोडू.' फरक एका 'च'चा. पहिली पाटी पासवाल्याला वचन देते: तुला आत घेणार. बिनपासवाल्याबद्दल ती गप्प आहे, तो तिकीट काढूनही आत जाईल. दुसरी पाटी बिनपासवाल्याला सांगते: तुला आत घेणार नाही. पासवाल्याला ती कसलंच वचन देत नाही, सभागृह भरलं असेल तर त्यालाही परत जावं लागेल. इंग्रजीतलं 'इफ' म्हणजे आपलं 'तर'. 'ओन्ली इफ' म्हणजे 'तरच'. आणि 'अनलेस' आलं की मनात 'नसेल तर' असं वाच. अर्जावर सही नसेल तर अर्ज घेणार नाहीत. मग सही असलेला अर्ज घेतीलच का? तसं कोणीही म्हटलेलं नाही. पोस्टात, बँकेत, शाळेच्या कार्यालयात तू रोज या 'तर' आणि 'तरच'मधून चालतेस आणि कधी चुकत नाहीस. इंग्रजी वाक्य दिसलं की घाबरून फक्त शब्द पाहतेस. वाक्य मनातल्या मनात मराठीत आण, 'च' कुठे पडतो ते पाहा आणि मग उत्तर दे. सरावाने दोन आठवड्यांत ते आपोआप होईल.

हे सगळं पश्चिमेकडून आलं असंही समजू नकोस. आपल्याकडे न्यायदर्शनाने कितीतरी शतकं हीच मशागत केली. त्यांचं आवडतं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. पाच पायऱ्या. सांगायचं ते आधी सांगितलं आणि शेवटी पुन्हा तिथेच आले, हे लक्षात घे. परीक्षेच्या उताऱ्यातही निष्कर्ष शेवटच्याच ओळीत असतो असं नाही. पुष्कळदा तो पहिल्या दोन वाक्यांत येऊन जातो आणि पुढे सगळी कारणं असतात. 'म्हणून' कुठे बसतं आणि 'कारण' कुठे बसतं ते लावून पाहिलं की कोण कोणाच्या खांद्यावर उभं आहे ते कळतं.

पण नैयायिक इथेच थांबले नाहीत. धूर असेल तिथे आग असते, मग आग असेल तिथे धूर असतोच का? त्यांनी लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा पुढे ठेवला. आग आहे, धूर नाही. आगीला धूर येतो तो इंधन ओलं असलं तर, असं त्यांनी त्यामागचं कारणही सांगितलं. तुझ्या चारही उलट्या चुका या एका गोळ्याने पकडता येतात. उताऱ्याने सांगितलं, धूर असेल तर आग असते. यातून पक्कं एवढंच निघतं की आग नसेल तर धूरही नसणार. आग आहे म्हणून धूर असेल, हे निघत नाही. धूर नाही म्हणून आग नसेल, हेही निघत नाही. प्रश्न काढणारे पर्यायांत हे शेवटचे दोन नेमाने घालतात. पर्यायावर खूण करण्याआधी स्वतःला विचार, इथे लोखंडाचा गोळा आहे का?

'च'ची गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तर हे पत्र लांबलं. काही प्रश्न विचारतात की उताऱ्यावरून काय निघालंच पाहिजे आणि काही विचारतात की काय असू शकेल. तू दोन्ही एकाच नजरेने वाचतेस. १९७३ साली 'शिवाजी साहबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की 'असू शकेल' आणि 'असलाच पाहिजे' यांच्यात मोठं अंतर आहे, आणि मोघम अंदाज व पक्का निष्कर्ष यांची वाटणी तेच अंतर करतं. १९८४ साली 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या पुण्यातल्या खुनाच्या खटल्यात न्यायालयाने तोच धागा पुढे नेला. पुरावा परिस्थितिजन्य होता. खालच्या न्यायालयाने फाशी दिली होती, उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं आणि अशा पुराव्यासाठी पाच कसोट्या एकत्र मांडल्या. प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध झालेली हवी. सगळी तथ्यं फक्त दोषाशीच जुळणारी हवीत. ती निर्णायक स्वरूपाची हवीत. दोष सोडून दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये. आणि पुराव्याची साखळी अखंड हवी. वकील त्यांना परिस्थितिजन्य पुराव्याचं पंचशील म्हणतात. कायद्याच्या वर्गात तू ते पाठ करशील तेव्हा माझी आठवण ठेव. चार पर्यायांतून एक निवडताना तू जो 'च' तोलतेस, तोच तिथे एका माणसाच्या गळ्याभोवतीच्या दोराशी तोलला गेला होता.

आता रोजच्या अभ्यासाबद्दल. पुढचे तीन आठवडे सराव परीक्षा बंद. परीक्षा आजार मोजते, बरा करत नाही. रोज दोन उतारे घे, घड्याळ न लावता. प्रत्येक उताऱ्याच्या कडेला तीन गोष्टी लिही: काय म्हणायचं आहे, कशावरून, आणि काय म्हटलेलं नाही. तिसरी ओळ रिकामी सोडायची नाही. उत्तर चुकलं तर बरोबर पर्याय कोणता एवढं पाहून पान उलटू नकोस. तू निवडलेला पर्याय तुला का आवडला, ते एका वाक्यात लिहून ठेव. 'खरं वाटलं म्हणून', 'उलटं झालं', 'प्रत्येक हा शब्द पाहिला नाही', 'अर्धंच वाचलं'. पंधरा दिवसांत तुझी चूक तुला नावानिशी ओळखू येईल, आणि नावाने ओळखलेली चूक दुसऱ्यांदा फसवायला येते तेव्हा दारातच सापडते. वर्तमानपत्राचा अग्रलेख घेऊन हेच करत जा. अग्रलेखाशी भांडण करायचं ते नंतर. आधी त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचं.

चौथ्या आठवड्यापासून घड्याळ लाव. एकशेवीस मिनिटांत एकशेवीस प्रश्न, म्हणजे वाचनासकट प्रश्नाला मिनिट. पाच-सहा प्रश्नांच्या उताऱ्याला सहा-सात मिनिटं देता येतील, तेवढे इतर विभागांतून वाचव. तर्काचा विभाग शेवटाला ठेवू नकोस. थकलेल्या डोळ्यांना 'च' दिसत नाही. अडलेल्या प्रश्नाचा हिशेबही समजून घे. दोन पर्याय खात्रीने कापता आले आणि उरलेल्या दोनांतून एक निवडला, तर असे चार प्रश्न मिळून सरासरीने दोन बरोबर, दोन चूक: दोन गुण येतात, अर्धा जातो, दीड हाती राहतो. तिथे उत्तर द्यायचं. चारांतला एकही कापता येत नसेल तर डोळे मिटून खूण करून हाती जवळपास काहीच लागत नाही. तो प्रश्न सोड आणि ते मिनिट पुढच्या प्रश्नाला दे.

आणि समज, डिसेंबरात मनासारखं झालं नाही, तर? तेव्हाही 'तर' आणि 'तरच' विसरू नकोस. क्लॅट मिळाली तर चांगलं शिक्षण मिळेल. क्लॅट मिळाली तरच वकील होता येईल, असं कोणीही म्हटलेलं नाही. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, तशीच राज्याच्या सीईटीतून प्रवेश देणारी जुनी महाविद्यालयंही आहेत. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, पुण्याचं आयएलएस १९२४ सालचं. मी स्वतः पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला, तोही मार्ग उघडा आहे. लॉ सोडायचं की नाही हा प्रश्न चार सराव परीक्षांच्या आधारावर सुटत नाही. तेवढ्या आधारावर एवढा निष्कर्ष उभा राहत नाही, हे आता तूच मला सांगशील.

शेवटी एक गोष्ट, जी मला माझ्या सीनियरने सांगितली होती आणि मी तुला देते आहे. कॉर्नेलिया सोराबजी नाशिककडच्या, जन्म १८६६ चा. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८९२ साली त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्री म्हणून पदवी हाती पडायला १९२२ उजाडलं. इकडे १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयात आणि १९२१ साली पाटणा उच्च न्यायालयात कायदा शिकलेल्या स्त्रियांनी वकिलीची सनद मागितली. दोन्हीकडे नकार मिळाला. कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रीही धरावी, असा सर्वसाधारण नियम १८९७ च्या कायद्यात, विषय आणि संदर्भ आड येत नसतील तर, लिहिलेला होता. तरीही वकिलांच्या कायद्यात स्त्री अभिप्रेत नाही असं न्यायालयांनी धरलं, कारण तोवर वकील पुरुषच होते. आजवर नव्हत्या, म्हणून कायद्यालाही नको आहेत. या दोन वाक्यांच्या मधला नाला तुला आता दिसतो ना? १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सोराबजींना सनद दिली आणि १९२३ च्या कायद्याने देशभरातल्या स्त्रियांना वकिलीचं दार उघडलं. एक चुकीचं अनुमान तोवर त्या दारात उभं होतं. मी छत्तीस वर्षं काळा कोट घातला तो ते अनुमान कोणीतरी मोडून काढलं म्हणून.

तेव्हा हे प्रश्न गुणांपुरते सोडवू नकोस. अशी अनुमानं अजून पुष्कळ दारांत उभी आहेत आणि ती ओळखणारी माणसं लागणार आहेत. तुझ्यात ती ओळख येईल, तुझी उत्तरं पाहून मी हे म्हणते आहे.

रविवारी सकाळी फोन कर. गुण किती पडले ते मी विचारणार नाही. एक उतारा वाचून दाखव आणि त्यात काय म्हटलेलं नाही, ते मला सांग.

वहिनीला नमस्कार, दादाला सांग मी त्याच्याशी बोलेन.

तुझी,
आत्या